आचाऱ्यांची सभा

शनिवार पेठेत, लोखंडी जिन्याखाली माझं दुकान:
एक टेबल, दोन स्क्रीन, आणि एक प्रिंटर
जो दमट हवेत कागद जोडीनं ओढतो.
(कागद उघडा ठेवू नका.
पापडासारखा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.)

गिऱ्हाईक येतं ते घाबरलेलंच येतं.
"मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं."
आपोआप काही होत नाही, काका.
बंद करा. दहापर्यंत मोजा. चालू करा.
निम्मी विद्या एवढीच.
उरलेल्यातली निम्मी: न वाचता 'हो' दाबू नका.
लग्नाच्या बोलणीत दाबाल का?

परवा ढमढेरे आले, कसब्यातले केटरर,
नखांत हळद, पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत.
दरवर्षी तारीख बदलून छापायचं एक पत्रक,
वीस वर्षांपूर्वीच्या फाँटमधलं.
उघडलं, तर पडद्यावर
डॉलर, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम,
निवडायला घेतलेलं धान्य हातून सांडावं तसे.
ते हळूच म्हणाले, "मराठी गेली?"

गेली नाही.
त्या फाँटमध्ये ती नव्हतीच कधी.
इंग्रजी अक्षरांना आपण लुगडी नेसवली होती,
ती सुटली, इतकंच.

कन्व्हर्टर लावला. चहा येईस्तोवर
शब्द एकेक करून परतले
आणि पान उभं राहिलं:
'पुणे शहरातील सर्व आचार्यांना सप्रेम निमंत्रण.'

पुन्हा वाचा.
र ची ती आडवी पापणी,
य च्या आधी किंचित मिटणारी,
वाटेत कुठेतरी गळली,
आणि रफार जाऊन बसला य च्या डोक्यावर
पगडीसारखा.
दोनशे माणसं झारे खाली ठेवून
एका क्षणात व्यासपीठावर.

यंत्राचा दोष नाही.
दऱ्या काय, दर्या काय,
डोंगर उतरा नाहीतर बुडा, त्याचं काय जातं?
माझं मात्र सगळं गिऱ्हाईकच
त्या पापणीवर चालतं.
म्हणून ही टीप लिहूनच घ्या:
शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग य.
घाई करू नका. तीन दाबांचं काम आहे.

मी कर्सर नेला.
"थांबा," ढमढेरे म्हणाले.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
ओठ हलवत ती ओळ दोनदा वाचली.
"आमचे वडील मीठ नुसत्या नजरेनं मोजायचे.
साडेचारशे पान उठायचं,
कधी कुणी मीठ मागितलं नाही.
त्यांना जर कुणी…"
चहावर साय धरली.

मग म्हणाले, "नको. करा दुरुस्त.
आचार्यांना बोलावलं तर सगळे जेवायला येतील.
करायला कोण?"

केलं. फाइलला नाव दिलं तारखेचं,
कारण 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरंच'
या वाटेला लागलेला माणूस
परत आलेला मी पाहिलेला नाही.
एक प्रत इथे, एक मेलवर.
तिसरी त्यांनी रुमालात बांधली, गाठ दातांनी आवळून.
बॅकअप म्हणजे काय ते मी समजावणार होते.
राहू दिलं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा
स्टीलचा मोठा डबा ठेवून गेला.
झाकणावर चिठ्ठी, पेन्सिलीनं:
'आचार्य बाईंना.'
सवयीनं चूक शोधली.
सापडली नाही.

मसालेभात होता. मीठ जरा कमी.
हे मी कुणाला बोलले नाही.

डबा न्यायला अजून कोणी आलेलं नाही.
तूर्त त्यात कागद ठेवलेत.
प्रिंटर एकेकच ओढतो आहे,
आणि छापून निघालेल्या पानांना, बारकाईनं हुंगलं तर,
गोड्या मसाल्याचा वास येतो.